अडत शून्य, मग पट्टी एवढी कशी?

प्रश्न असा आला आहे: "मी तासगाव तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. सांगलीतल्या एका जुन्या दलालाकडे वीस वर्षांपासून माझं डीमॅट आहे. आज शेअर सव्वातीन लाखांचे असतील. घेताना-विकताना शेकडा पन्नास पैसे दलाली पडते. पुण्यातला मुलगा म्हणतो, मोबाइलवरच्या स्वस्त ब्रोकरकडे जा, दलाली शून्य. जावईही त्याच ॲपवर रोज ऑप्शन करतात, तेही तेच सांगतात. फुकट मिळतं त्यात काहीतरी खोट असते अशी माझी समजूत. खातं हलवावं का? आणि उद्या ती कंपनीच बुडाली तर माझ्या शेअरचं काय?"

नमस्कार गुरुजी,

आधी माझं सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. १९९८ पासून वीस वर्षं मी सांगलीत सबब्रोकर, म्हणजे मोठ्या ब्रोकरच्या हाताखालचा दलाल होतो. हरभट रोडजवळ दहा बाय बाराची खोली, गच्चीवर उपग्रहाशी जोडणारी व्हीसॅटची छत्री, आणि सकाळी साडेनऊपासून बाकावर बसून भाव बघणारी दहा-बारा मंडळी. पाऊस आला की छत्रीचं कनेक्शन जायचं आणि सगळे मिळून चहा प्यायचे. तेव्हा शेकडा रुपया, कधी दीड रुपया दलाली घ्यायचो आणि कुणाला ती जास्त वाटत नव्हती. कायद्याने तर अडीच टक्क्यांपर्यंत मुभा होती, आजही आहे. या स्वस्त ब्रोकरांनी माझा धंदा बसवला. पुढे एप्रिल २०१९ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सबब्रोकर हा प्रकारच बंद केला. काहीजण 'ऑथराइज्ड पर्सन', म्हणजे ब्रोकरचे नेमलेले प्रतिनिधी झाले, मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरायला बसलो. त्यामुळे या कंपन्यांचं कौतुक करण्यात माझा काही फायदा नाही, आणि आता त्यांच्यावर रागही उरलेला नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हलवा. तुमच्यासारख्या वर्षाला चार-सहा व्यवहार करणाऱ्या माणसाला शेकडा पन्नास पैसे देण्याचं आज काही कारण नाही. पण 'शून्य' या शब्दाला भुलून हलवू नका.

तुमच्या तालुक्यात बेदाण्याचा सौदा होतो, म्हणून त्याच भाषेत सांगतो. माल विकला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे कपातींसकट हिशेबाचा कागद येतो. एखाद्या अडत्याने उद्या पाटी लावली की 'आमच्याकडे अडत शून्य', तर पट्टी कोरी येईल का? हमाली राहील, तोलाई राहील, कोल्ड स्टोअरेजचं भाडं राहील. शेअर बाजारातल्या पट्टीला काँट्रॅक्ट नोट म्हणतात. व्यवहार झाला की त्याच रात्री ती ईमेलवर येते आणि शंभरातले नव्वद जण ती उघडतही नाहीत.

एक लाखाचे शेअर तुम्ही घेतले आणि वर्षाने समजा लाखालाच विकले. तुमच्या आत्ताच्या दलालाकडे दलाली ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये, म्हणजे जाताना ५९० आणि येताना ५९०. दलालीच ११८० झाली. डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन ठेवण्याला, दलाली न घेणाऱ्या ब्रोकरकडे हा आकडा शून्य. इथपर्यंत मुलाचं म्हणणं बरोबर आहे. आता खालच्या ओळी बघा. एसटीटी, म्हणजे सरकारचा व्यवहार कर, घेताना १०० आणि विकताना १००. स्टॅम्प ड्युटी घेताना १५ रुपये. एक्सचेंजचं शुल्क दोन्ही वेळा तीन रुपयांच्या आसपास, त्यावर थोडा जीएसटी, आणि सेबीचे दहा-दहा पैसे. विकताना डीपी चार्ज, म्हणजे डीमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचं शुल्क, वेगळा; एका मोठ्या ब्रोकरकडे तो जीएसटीसह १५ रुपये ३४ पैसे आहे. सगळं मिळून साधारण २३५ ते २४० रुपये. शून्य दलालीतही लाखाच्या येण्याजाण्याला एवढं जातंच, आणि यातला मोठा वाटा सरकारचा आहे. तो तुम्ही कुणाकडेही गेलात तरी सुटत नाही. जुन्या दलालाकडेही तो द्यावाच लागतो, म्हणजे तिथली खरी बेरीज चौदाशेच्या घरात जाते. दोन्हींतला फरक दलालीच्या त्या ११८० रुपयांचा. वर्षाला लाखाच्या अशा तीन येण्याजाण्याच्या फेऱ्या केल्यात तर साडेतीन हजार वाचतील.

डीपी चार्जबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लहान गुंतवणूकदाराला खरा चटका तिथे बसतो. तो नगावर किंवा रकमेवर नसतो. एका दिवशी एका कंपनीचे शेअर खात्यातून बाहेर गेले की एकदा लागतो, मग शेअर दहा असोत की दहा हजार. दोनशे रुपयांचा एकच शेअर विकलात तर १५ रुपये म्हणजे साडेसात टक्के गेले. माझ्याकडे मिरजेच्या एक ताई विवरणपत्रासाठी येतात. भाव थोडा वर गेला की थोडे विकायचे, अशी त्यांची पद्धत. एकाच कंपनीचे चाळीस शेअर त्यांनी चार दिवसांत दहा-दहा करून विकले आणि चार वेळा डीपी चार्ज भरला. त्यांना वाटत होतं आपण हुशारीने विकतोय. विकायचंय तर एका कंपनीचं एका दिवसात विकून मोकळं व्हावं.

सगळे स्वस्त ब्रोकर सारखेही नाहीत, आणि मुलगा म्हणतो तसं सगळ्यांकडे शून्यही नाही. आपल्याकडे हा प्रकार रूढ केला तो झेरोधाने. १५ ऑगस्ट २०१० ला बंगळूरमध्ये सुरू झालेली कंपनी. नावातला 'रोध' आपलाच, अडथळा या अर्थाचा. शून्य अडथळा. व्यवहार कितीही मोठा असो, जास्तीत जास्त वीस रुपये, ही त्यांची मूळ कल्पना. डिसेंबर २०१५ पासून डिलिव्हरी त्यांनी फुकट केली. मग बाकीच्यांनाही करावं लागलं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये एक बदल झाला. तोपर्यंत एक्सचेंज ब्रोकरला उलाढालीच्या टप्प्यांनुसार शुल्क लावायचं. मोठ्या ब्रोकरला ते स्वस्त पडायचं, पण ग्राहकाकडून तो वरच्या टप्प्याच्या दराने घ्यायचा आणि मधला फरक खिशात टाकायचा. सेबीने सांगितलं की ग्राहकाकडून घेता तेवढंच एक्सचेंजला जाईल, दर सगळ्यांना एकच. हा फरक आपल्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास होता, असं झेरोधाचे संस्थापक नितीन कामत यांनीच जाहीर सांगितलं होतं. ती वाट बंद झाली. एंजल वन या दुसऱ्या ब्रोकरने १ नोव्हेंबर २०२४ पासून डिलिव्हरीलाही दलाली लावली, वीस रुपये किंवा ०.१ टक्का यातलं जे कमी असेल ते, आणि त्याला खालची एक किमान रक्कम. ग्रो या ब्रोकरचीही रचना तशीच. झेरोधाने डिलिव्हरी शून्यच ठेवली.

मी कुणाची जाहिरात करत नाही, पण 'किमान पाच रुपये' अशा ओळीचा अर्थ समजून घ्या. दोन हजारांचे शेअर घेणाऱ्याला ०.१ टक्क्याने दोन रुपये पडायला हवेत, पण किमान रकमेमुळे पाच पडतात, म्हणजे पाव टक्का. तुमच्या जुन्या दलालाच्या अर्ध्या दरावर आलात की. दरमहा हजार-दोन हजाराचे शेअर घेत राहणाऱ्याने ब्रोकर निवडताना ही एक ओळ आधी वाचावी, ॲपचा रंग नंतर बघावा.

फुकट देऊन त्यांचं भागतं कसं, ही तुमची शंका रास्त आहे. तुमच्याकडून त्यांना फारसं काही मिळत नाही. मिळतं ते जावईबापूंकडून.

दिवसाच्या दिवसात घेऊन विकायचं, त्याला इंट्राडे म्हणतात. तिथे दलाली ०.०३ टक्के किंवा वीस रुपये, यातलं कमी असेल ते. लाखाच्या व्यवहाराला घेताना वीस, विकताना वीस, जीएसटी धरून ४७ रुपये. एसटीटी फक्त विकताना, २५ रुपये. स्टॅम्प तीन, एक्सचेंजचे जीएसटी धरून सात. एका फेरीचे ८२ रुपये. ऐकायला काहीच नाही. पण लाखाची फेरी मारायला लाख रुपये लागत नाहीत. पाचपट उसनवारी चालते, म्हणजे वीस हजार पुरतात. दिवसाला पाच फेऱ्या, महिन्याचे वीस दिवस, शंभर फेऱ्या झाल्या तर खर्च आठ हजार दोनशे. वीस हजारांच्या भांडवलावर महिन्याला आठ हजार! नफा-तोट्याचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही. माझ्या काळात दीड टक्का दलाली होती तेव्हा माणूस महिन्यातून एकदा विचार करून सौदा करायचा. दलाली घसरली तसा सौद्यांचा आकडा चढला. हे गणित मला माझ्या धंद्यात दिसलं नाही आणि त्यांना दिसलं, हाच आमच्यातला फरक.

ऑप्शनचं, म्हणजे शेअर न घेता त्याच्या पुढच्या भावावर पैसे लावण्याचं, तर सेबीनेच मोजमाप केलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. खर्चासकट सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, एकूण तोटा १.८ लाख कोटींवर. यातला एक आकडा लोक सांगत नाहीत, तो मला महत्त्वाचा वाटतो. २०२३-२४ या एका वर्षात अशा माणसाने सरासरी २६ हजार रुपये नुसत्या व्यवहार खर्चात घातले, आणि तीन वर्षांच्या अशा खर्चातला अर्ध्याहून थोडा जास्त वाटा ब्रोकरच्या दलालीचा होता. तुमची डिलिव्हरी शून्यात परवडते ती अशी. जावयांना हे तुम्ही सांगू नका, नात्यात कडवटपणा येईल. फक्त एवढं विचारा की वर्षाच्या टॅक्स रिपोर्टमध्ये 'चार्जेस'समोर किती आकडा आहे. बघितला नसेल तर बघतील.

तुम्हाला मात्र सावध करायचं आहे ते याच दुकानात. ॲप एकच असतं. त्यावर तुम्हीही येणार आणि जावईही. शेअर घ्यायला गेलात की दोन-तीन बटणं शेजारी-शेजारी दिसतात: डिलिव्हरी, इंट्राडे, आणि अलीकडे बऱ्याच ठिकाणी 'एमटीएफ'. हे शेवटचं म्हणजे उधारीवर शेअर. कुपवाडच्या एका दुकानदाराने ५० हजारांचे शेअर घेतले. खात्यातून साडेबारा हजारच गेले म्हणून खूश! 'पैसे कमी लागले' एवढंच त्याला कळलं. उरलेल्या साडेसदतीस हजारांवर पंधरा टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे रोज पंधरा रुपये, सुट्टीच्या दिवशीही. शिवाय तारण ठेवण्याचं आणि सोडवण्याचं शुल्क. पाच महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा शेअर चार टक्के वर होता आणि तो तोट्यात होता. बटणावर डिलिव्हरी किंवा त्याचंच दुसरं नाव 'सीएनसी' असं लिहिलेलं बघूनच अंगठा टेकवा. इंट्राडे दाबून विसरलात तर दुपारी तीननंतर ॲप आपोआप शेअर विकून टाकतं आणि त्याचेही पन्नास-साठ रुपये लावतं. वर त्या एका चुकीच्या सौद्यामुळे तुमचं साधं पेन्शनचं विवरणपत्रही बदलतं, कारण इंट्राडेचा नफा-तोटा आयकरात सट्ट्याचा धंदा धरला जातो. मग आयटीआर-३. माझी फी दुप्पट होते, म्हणून मी तक्रार करू नये खरं तर.

आता कंपनी बुडाली तर काय. तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि यावर लोक जेवढे घाबरतात तेवढं घाबरण्याचं कारण नाही, पण जेवढं गाफील राहतात तेवढं राहूही नये.

शेअर ब्रोकरकडे नसतात. ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीकडे तुमच्या नावावर असतात. पुन्हा बेदाणा घ्या. तुमचे बॉक्स कोल्ड स्टोअरेजमध्ये आहेत, पावती तुमच्या नावाची आहे, अडत्या फक्त सौदा लावून देतो. अडत्या रातोरात गायब झाला तर आधीच विकलेल्या मालाचे पैसे अडकतील, पण कोल्ड स्टोअरेजमधला माल तुमचाच. ब्रोकरचंही तसंच. धोका कुठे होता? अडत्याकडे तुमच्या पावतीवर सही करण्याचा अधिकार असेल तर तो तुमचा माल बँकेत गहाण टाकून स्वतः कर्ज काढू शकतो. हे खरोखर घडलं. कार्वी ही मोठी, जुनी, पूर्ण सेवा देणारी कंपनी, स्वस्त ब्रोकर नव्हे. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून तिने त्यांचे शेअर गहाण टाकल्याचं आढळलं आणि २२ नोव्हेंबर २०१९ ला सेबीने तिच्यावर आदेश काढला. तेव्हा 'महाग ते विश्वासाचं' हे तुमचं समीकरण इथे लागू पडत नाही, गुरुजी.

त्या प्रकरणानंतर नियम बरेच आवळले. सप्टेंबर २०२० पासून गहाणवट डिपॉझिटरीतच नोंदवावी लागते, आणि ती तुमच्या ओटीपीशिवाय होत नाही. नोव्हेंबर २०२२ पासून नव्या खात्याला मुखत्यारपत्राऐवजी 'डीडीपीआय' नावाचं मर्यादित अधिकारपत्र आलं, तेही ऐच्छिक आहे. ते न देता प्रत्येक विक्रीला सीडीएसएलचा टीपिन, म्हणजे डीमॅटचा गुप्त क्रमांक, आणि ओटीपी टाकता येतो. तुम्ही वर्षाला चार वेळा विकणार. अधिकारपत्र देऊच नका, दोन मिनिटं जास्त लागू देत. तुमच्या जुन्या दलालाकडे वीस वर्षांपूर्वीचं मुखत्यारपत्र आहे की नाही हे मात्र आधी विचारा. बहुतेक असेल, आणि तुम्ही तेव्हा पेन्सिलची खूण होती तिथे सह्या केल्या असतील. आम्हीच त्या खुणा करायचो.

पैशाचं वेगळं आहे. ट्रेडिंग खात्यात पडून असलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही, आणि ब्रोकर अडचणीत आला तर तेवढ्यासाठी एक्सचेंजच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे दावा लावत बसावं लागतं. वापर नसलेली रक्कम ठरावीक मुदतीने बँकेत परत पाठवण्याची सक्ती ब्रोकरवर आहे, म्हणून तीन महिन्यांनी अचानक पैसे खात्यात आले तर घाबरून फोन करू नका. पण तुम्हीच विक्री झाली की रक्कम काढून घेत चला. सौद्यानंतरच्या लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी हिशेब पूर्ण होतो.

आणखी एक सवय लावून घ्या. ब्रोकरच्या ॲपवर काहीही दिसो, डिपॉझिटरी स्वतः ईमेलवर एकत्रित स्टेटमेंट पाठवते. शेअरच्या संख्या त्या स्टेटमेंटशी जुळल्या पाहिजेत. सीडीएसएलचं 'ईझी' नावाचं लॉगिन फुकट आहे, ते काढून ठेवा. त्यासाठी मोबाइल आणि ईमेल तुमचाच नोंदवा, मुलाचा नको. अर्ध्या घरांत मी हाच घोळ बघतो. ओटीपी पुण्याला जातो आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो.

स्वस्त ब्रोकर देतो काय, असंही तुम्ही मनात विचारत असाल. आयपीओचा अर्ज यूपीआयवरून. 'जीटीटी' नावाची सोय, म्हणजे अमुक भाव आला तरच विक किंवा घे असं सांगून ठेवायचं आणि रोज भाव बघत बसायचं नाही. ही तुमच्यासारख्यांना फार कामाची. सरकारी रोखे. वर्षअखेरीचा नफा-तोट्याचा तयार तक्ता, ज्यामुळे माझं अर्धं काम वाचतं. आणि बऱ्याच ठिकाणी डायरेक्ट म्युच्युअल फंड. जुन्या दलालाने तुम्हाला फंड दिले असतील तर ते बहुधा रेग्युलर असतील; योजनेच्या नावात 'डायरेक्ट' हा शब्द नसेल तर ती रेग्युलर समजा. डायरेक्ट योजना जानेवारी २०१३ पासून आहेत, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं. समजा दोन्हींच्या खर्चात पाऊण टक्क्याचा फरक असेल आणि तुमचे चार लाख त्यात असतील, तर वर्षाला तीन हजार. शेअरच्या दलालीत वाचणार होते जवळपास तेवढेच, आणि तेही दरवर्षी. मुलाने हे सांगितलं नाही, कारण जाहिरातीत ते नसतं.

तो देत नाही ते म्हणजे माणूस. तुमच्या दलालाच्या ऑफिसात जाऊन 'अहो, ही बोनसची भानगड काय आहे' असं विचारता येतं. इथे ॲपवर 'तिकीट', म्हणजे लेखी प्रश्न टाकायचा, उत्तर इंग्रजीत यायचं. फोनवरून सौदा लावला तर प्रत्येकी पन्नास रुपये आणि जीएसटी वेगळा. आणि कधी कधी ॲपच उघडत नाही. एकदा बाजार उघडताच आमचं स्क्रीन चाळीस मिनिटं नुसतं गोल फिरत होतं. दोनदा बटण दाबलं, आणि सुरू झाल्यावर बघतो तर खरेदी दोनदा लागलेली. कोणाचा ब्रोकर ते सांगत नाही; ज्याच्या त्याच्याकडे कधी ना कधी होतं. सकाळी सव्वानऊला सौदा करायची तुम्हाला गरज नाही, अकरानंतर चहा घेऊन बसा. वारसाची कामं, नाव-सहीतली तफावत, जुने कागदी शेअर डीमॅट करणं, हे मात्र खरंच माणसाकडून करून घेण्यासारखं आहे. किर्लोस्करवाडीत नोकरी केलेल्या माणसाच्या घरी ट्रंकेत कागद निघतात अजून. तसं काही असेल तर खातं बंद करण्याआधी जुन्या दलालाकडूनच ते काम उरकून घ्या.

खातं हलवताना काय करायचं ते सांगतो. नवं खातं एकट्याच्या नावाने ऑनलाइन उघडेल. जुनं खातं पत्नीसोबत संयुक्त असेल तर नवंही त्याच नावांनी, त्याच क्रमाने लागेल, आणि ते बऱ्याच ॲपवर ऑनलाइन उघडत नाही, कागद पाठवावे लागतात. नॉमिनी त्याच वेळी भरा. खातं उघडलं की 'सीएमआर' नावाचा खात्याच्या तपशिलांचा एक पानी दाखला डाउनलोड होतो. तो आणि जुन्या डीमॅटचं स्लिप बुक घेऊन जुन्या दलालाकडे जा आणि 'क्लोजर कम ट्रान्सफर'चा फॉर्म मागा. नुसतं शेअर हलवायचे म्हणालात तर प्रत्येक कंपनीमागे पैसे लावतील. खातं बंद करून सगळं आपल्याच दुसऱ्या खात्यात न्यायचं असेल तर ते फुकट करून द्यावं लागतं. आठवडाभर 'फॉर्म संपलेत' असंही ऐकाल. मीही ग्राहक जाताना हेच म्हणायचो. फार ताणलं तर सेबीच्या 'स्कोर्स' पोर्टलवर तक्रार टाकतो एवढंच म्हणा, फॉर्म सापडतो.

जुनं बंद करणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंत शेअर असलेल्या मूलभूत डीमॅट खात्याला वार्षिक देखभाल शुल्क शून्य, चार ते दहा लाखांना १०० रुपये. तुम्ही सव्वातीन लाखांत आहात, म्हणजे फुकटात बसता. पण ही सवलत पहिला धारक म्हणून एकच डीमॅट असणाऱ्यालाच मिळते. दोन्ही खाती चालू ठेवलीत तर ती जाते, आणि वर्षाला तीनशे-चारशे दोन्हीकडे सुरू. मुलाने हौसेने तुमच्या पॅनवर आधीच एखाद्या ॲपवर खातं उघडून ठेवलं नाही ना, हेही विचारा.

नव्या खात्यात पैसे भरताना यूपीआय आयडी नीट बघा. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकरच्या आयडीत 'व्हॅलिड' हा शब्द येतो आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी दुसऱ्याच नावाच्या खात्यात पैसे भरायला सांगितले, किंवा ब्रोकरच्या नावाचं ॲप लिंकवरून उतरवायला सांगितलं, तर ते चोर आहेत. मग त्या ग्रुपमध्ये तुमच्याच शाळेचे दोन निवृत्त हेडमास्तर का असेनात.

शेअर स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात गेले तर कर लागत नाही, आणि मूळ खरेदीची तारीखही बदलत नाही. पण नव्या ॲपला तुमची खरेदी किंमत माहीत नसते. तिथे ती रिकामी किंवा शून्य दिसेल आणि सगळाच नफा वाटेल. ती हाताने भरावी लागते. ३१ जानेवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअरांना त्या दिवसाचा भावही लागतो, करासाठी तो धरता येतो. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. वीस वर्षांच्या त्या काँट्रॅक्ट नोट तुमच्या दलालाच्या सर्व्हरवर असतील, पण खातं बंद झालं की तुमचं लॉगिन चालत नाही. म्हणून फॉर्म द्यायला जायच्या आदल्या दिवशी मिळतील तेवढ्या वर्षांच्या काँट्रॅक्ट नोट, लेजर आणि होल्डिंग स्टेटमेंट उतरवून एका पेनड्राइव्हवर घ्या, आणि खरेदीच्या तारखा-किमतींचा कागद वहीला टाचून ठेवा.